काचेमागची माणसं

लेख मागताना संपादक मंडळाने विषयाची पूर्ण मोकळीक दिली होती. अट एकच, की ‘ते कॉम्प्युटरचं सोडून काहीही लिही.’ म्हणून हा लेख इतिहासाचा आहे.

शाळेत इतिहासाच्या तासाला आपण जे शिकलो ते सगळं टिकलेलं होतं. किल्ले, लेणी, शिलालेख, ताम्रपट, बखरी. टिकलं म्हणून सापडलं आणि सापडलं म्हणून पुस्तकात आलं. पण जे काम मुळात टिकण्यासाठी केलेलंच नव्हतं, त्याचा इतिहास कुठे शोधायचा? पंधरा दिवसांसाठी मांडायचं आणि सोळाव्या दिवशी स्वतःच्याच हाताने मोडायचं, असं एक काम गेल्या शतकात मोठ्या शहरांतून चालायचं. दुकानांच्या शोकेस सजवण्याचं काम. कापडाच्या, खेळण्यांच्या, दागिन्यांच्या आणि पुस्तकांच्याही. ते करणाऱ्यांपैकी बहुतेकांची नावं कुठेच नोंदलेली नाहीत. ज्यांची आहेत, ती दुसऱ्याच कशामुळे तरी. अशा दोन-चार माणसांची ही हकिकत. ती बरीचशी अमेरिकेत घडते, कारण तिथे या धंद्याचं मासिक निघालं, संघटना झाली, त्यामुळे नोंदी राहिल्या. शेवटी आपण आपल्या गावी येऊच.

आधी काच आली

दुकानाला मोठी शोकेस असायची तर आधी मोठी काच हवी. जुन्या दुकानांना लहान लहान तावदानं असत, त्यामागे माल मांडला तरी चौकटीच जास्त दिसत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जाड, सपाट आणि माणसाच्या उंचीची काच दुकानदाराला परवडू लागली. पाठोपाठ विजेचे दिवे आले. आता दुकान बंद झाल्यावरही रस्त्याकडे पाहत उभं राहू शकत होतं.

पण काच बसवली म्हणून लोक थांबत नाहीत. सुरुवातीला दुकानदारांनी दुकानात होतं नव्हतं ते सगळं काचेमागे रचलं. आपल्याकडे लग्नातला रुखवत मांडतात तसं. जेवढं जास्त तेवढं चांगलं. रुखवतापुढे पाहुणे निवांत उभे असतात, रस्त्यावरचा माणूस मात्र चालत असतो. त्याची नजर दोन-तीन सेकंद मिळते. तेवढ्यात त्याचे पाय थांबले पाहिजेत, हा प्रश्न ज्यांनी धरून बसून सोडवला त्यांत एका माणसाचं नाव आपल्या ओळखीचं आहे, पण ते आपल्याला वेगळ्या कारणासाठी ठाऊक आहे.

शिकागोचे बॉम

एल. फ्रँक बॉम यांचा जन्म १८५६चा. डाकोटातल्या अ‍ॅबर्डीन नावाच्या छोट्या गावात त्यांनी १८८८मध्ये ‘बॉम्स बझार’ हे दुकान काढलं. ते दोन वर्षांत बसलं. मग वर्तमानपत्र चालवलं, तेही बंद पडलं. १८९१मध्ये बायको-मुलांसह ते शिकागोला आले आणि चिनी मातीच्या आणि काचेच्या भांड्यांचे फिरते विक्रेते झाले. गावोगावच्या दुकानदारांना माल विकता विकता, तो काचेमागे कसा मांडावा हेही ते सांगू लागले. त्यांच्या लक्षात आलं, की हे सांगणाराच कुणी नाही.

१८९७मध्ये त्यांनी ‘द शो विंडो’ नावाचं मासिक सुरू केलं. शोकेस सजवणाऱ्यांसाठीचं. १८९८मध्ये या कारागिरांची राष्ट्रीय संघटना उभी केली. आणि १९०० साली या कलेवरचं त्यांचं पुस्तक आलं. कापडाच्या दुकानांच्या शोकेस आणि अंतर्भाग कसे सजवावेत, याचं सचित्र मार्गदर्शन. फिरत्या चकत्या, उघडमीट करणारे दिवे, हलणारी फुलपाखरं कशी बनवायची ते त्यात होतं. एक युक्ती तर जादूच्या प्रयोगासारखी होती. काचेमागे कमरेपासून वरची एक बाई दिसते, क्षणात ती बैठकीच्या आत गडप होते आणि थोड्या वेळाने वेगळी टोपी घालून पुन्हा वर येते. गर्दी टोपी पाहत बसते. बॉम यांचं म्हणणं साधं होतं. माल तोच असतो, गोष्ट घडताना दिसली पाहिजे.

त्याच १९०० साली त्यांचं आणखी एक पुस्तक प्रसिद्ध झालं. ‘द वंडरफुल विझार्ड ऑफ ओझ’. हो, तेच. डोरोथी, टोटो कुत्रा, बुजगावणं, पत्र्याचा माणूस आणि भित्रा सिंह. आपल्यापैकी कुणी ते वाचलं असेल, कुणी सिनेमा पाहिला असेल. आता तेच पुस्तक शोकेसवाल्याचं म्हणून आठवून पाहा. पाचूनगरीत शिरताना प्रत्येकाला हिरवा चष्मा सक्तीने घालावा लागतो, म्हणून सगळं शहर हिरवंगार दिसतं. अक्राळविक्राळ जादूगार म्हणजे पडद्यामागे लपून कळसूत्रं हलवणारा एक साधा, घाबरट म्हातारा निघतो. काचेमागे राहून दिपवण्याचा धंदा आतून पाहिलेला माणूसच हे इतक्या मायेने लिहू शकतो, असं मला वाटतं. पत्र्याच्या माणसाबद्दल तर बॉम यांच्या मुलाने सांगितलेली आठवणच आहे. एका शोकेससाठी त्यांनी कपडे उकळायच्या हंड्याचं धड केलं, धुरांड्याच्या नळ्यांचे हातपाय केले, पातेल्याच्या बुडाचा चेहरा लावला आणि डोक्यावर नरसाळं ठेवलं. ती शोकेस केव्हाच मोडली गेली. नरसाळ्याची टोपी मात्र सव्वाशे वर्षं झाली तरी जगभरच्या मुलांना माहीत आहे.

हे काम व्हायचं कसं

हे काम बहुधा रात्री व्हायचं. काचेला आतून कागद लावायचा, म्हणजे अर्धवट काम रस्त्यावरून दिसत नाही. आत जागा हात-दोन हात खोल. पायातले बूट काढून, मोज्यांवर वावरायचं, कारण खालच्या कापडावर पाऊल उमटलं तर सकाळी उन्हात तेच आधी दिसतं. दर थोड्या वेळाने बाहेर रस्त्यावर जाऊन पाहायचं आणि परत आत यायचं. आतून सरळ वाटलेलं बाहेरून वाकडं असतं.

पुस्तकांची शोकेस त्यातही अवघड. टोपी किंवा बाहुली चारी बाजूंनी वस्तू असते. पुस्तक म्हणजे एक सपाट चौकोन, आणि त्याचं खरं म्हणणं आत मिटलेलं. सगळी पुस्तकं उभी लावली तर ग्रंथालयाचं कपाट होतं, सगळी आडवी रचली तर गोदाम. म्हणून एकच पुस्तक नजरेच्या उंचीवर, थोडं मागे कललेलं ठेवायचं आणि बाकीच्यांनी त्याच्याकडे नजर न्यायची. जोडीला पुस्तकातली एखादी वस्तू ठेवायची, म्हणजे गोष्टीचं टोक बाहेर डोकावतं. किमतीचं आणि नावाचं कार्ड चपट्या ब्रशने हाताने रंगवायचं.

शिवाय काचेची स्वतःची खोड असते. दिवसा बाहेरचा उजेड जास्त असला, की काचेचा आरसा होतो आणि पाहणाऱ्याला पुस्तकाऐवजी स्वतःचाच चेहरा दिसतो. म्हणून आतला उजेड वाढवायचा. पण उजेड आणि ऊन यांनी मुखपृष्ठाचे रंग उडतात, आधी लाल आणि पिवळा जातो, निळा मागे राहतो. काचेमागची प्रत पुढे पुऱ्या किमतीला विकता येत नाही. म्हणजे लोकांना दाखवायचं पुस्तक हे दाखवण्यातच खर्ची पडायचं.

द्युशाँची खिडकी, एका आठवड्याची

१९३९च्या मार्चमध्ये न्यू यॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरच्या बॉनविट टेलर या दुकानाने चित्रकार साल्वादोर दाली यांच्याकडून दोन शोकेस करून घेतल्या. एकीत केसाळ कातड्याचं अस्तर लावलेला न्हाणीचा टब होता. गिऱ्हाइकांनी कुरकुर केली, तशी दुकानाने दालींना न विचारता मांडणी बदलली. दाली आले, भडकले, आत शिरून टब ढकलला आणि टबासकट मोठी काच फोडून बाहेर फुटपाथवर आले. पोलिसांनी धरून नेलं. दालींची प्रसिद्धी वाढली. पण त्या एका प्रसंगातून या धंद्याचा नियम कळतो. शोकेस करणारा कितीही मोठा असो, काच दुकानदाराची असते. रोज काम करणाऱ्या कारागिरांना हे माहीत होतं. त्यांची मांडणी कुणी बदलली तर ते दुसऱ्या रात्री येऊन नवी करत.

पुस्तकांच्या दुकानातली सर्वांत नावाजलेली खिडकी १९४५च्या एप्रिलमधली. फ्रान्सिस स्टेलॉफ या बाईंनी १९२०मध्ये न्यू यॉर्कमध्ये ‘गॉथम बुक मार्ट’ सुरू केलं होतं. पुढे ते ४७व्या रस्त्यावर, हिऱ्यांच्या व्यापाऱ्यांच्या गल्लीत आलं. दुसरं महायुद्ध संपत आलं होतं आणि युरोपातले कितीतरी लेखक-चित्रकार न्यू यॉर्कमध्ये आसरा घेऊन होते. त्यांत फ्रेंच कवी आंद्रे ब्रेतॉं होते. त्यांच्या ‘आर्केन १७’ या नव्या पुस्तकासाठी शोकेस केली मार्सेल द्युशाँ यांनी. त्याआधी हीच मांडणी ब्रेंटानोज या मोठ्या पुस्तकाच्या दुकानात लागली होती, पण तिथल्या एका चित्रावर आक्षेप आला आणि ती हलवावी लागली. स्टेलॉफबाईंनी आपली खिडकी देऊ केली.

काय होतं त्या खिडकीत? डोकं नसलेला, कपड्यांच्या दुकानातला बाईचा पुतळा. अंगावर आखूड अ‍ॅप्रन. हातात पुस्तक. आणि मांडीवर बसवलेला एक चक्क नळ. द्युशाँना त्यातून काय म्हणायचं होतं यावर अभ्यासकांनी पुष्कळ लिहिलंय. मला त्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. ज्यांच्यामुळे विसाव्या शतकातल्या कलेची दिशा बदलली असं मानतात, त्या माणसाने हे काम एका आठवड्यासाठी केलं. आठवड्याने पुतळा निघाला, नळ निघाला, दुसरी पुस्तकं लागली. आज उरलंय ते छायाचित्र. ते माया डेरेन या चित्रपट करणाऱ्या बाईंनी काढलं, आणि त्यात काचेवर रस्त्यावरच्या माणसांची प्रतिबिंबं पडली आहेत. पुतळ्याशेजारी काचेत दिसतात ते स्वतः द्युशाँ आणि ब्रेतॉं. शोकेसवाल्याला जी अडचण वाटते, त्या प्रतिबिंबामुळेच करणारे आणि केलेलं एका चौकटीत राहिले.

टोपणनावाची गोष्ट

१९५०च्या दशकात न्यू यॉर्कच्या शोकेसच्या जगात जीन मूर यांचा दबदबा होता. आधी बॉनविट टेलर आणि १९५५पासून टिफनी या दागिन्यांच्या दुकानाच्या खिडक्या त्यांच्याकडे होत्या. ते होतकरू चित्रकारांना काम देत. त्यांत दोन तरुण होते, ते ‘मॅटसन जोन्स’ या नावाने बिलं लावायचे. मॅटसन जोन्स नावाचा कुणी माणूसच नव्हता. रॉबर्ट रॉशनबर्ग आणि जॅस्पर जॉन्स हे दोघे मिळून ते नाव वापरत. त्यातले जॉन्स त्याआधी मार्बरो नावाच्या पुस्तकाच्या दुकानात रात्री काम करत होते. आज दोघांची चित्रं जगातल्या मोठ्या संग्रहालयांत आहेत. तेव्हा मात्र भाडं भरण्यासाठी केलेल्या या कामाला आपलं खरं नाव चिकटू नये, अशी त्यांची काळजी होती. पोटासाठीचं काम वेगळं आणि आपलं काम वेगळं. ही वाटणी आपल्या ओळखीची आहे. आपल्या बॅचमध्ये बँकेत, विम्यात, औषधांच्या कंपनीत, माझ्यासारखे सॉफ्टवेअरमध्ये असलेले कितीजण ‘खरं तर मला...’ असं म्हणून वाक्य सुरू करतात, ते आठवा.

म्हणून आता ज्याने ही वाटणी केली नाही, त्याच्याबद्दल.

ब्रुकलिनचा मॉरिस

मॉरिस सेंडॅक १९२८मध्ये ब्रुकलिनमध्ये जन्मले. आई-वडील पोलंडहून आलेले ज्यू. वडील शिवणकाम करत. मॉरिस लहानपणी सतत आजारी. बाहेर खेळायला बंदी, म्हणून खिडकीत बसून रस्त्यावरची मुलं पाहायची आणि चित्रं काढायची. शाळा संपल्यावर चित्रकलेच्या महाविद्यालयात जाण्याऐवजी ते नोकरीला लागले, तेही मॅनहॅटनमधल्या एका शोकेसचं सामान बनवणाऱ्या कारखान्यात. तारेच्या जाळीवर कागदाचा लगदा चढवून परीकथांमधली माणसाएवढी पात्रं घडवायची, रंगवायची. हिमगौरी आणि सात बुटके यांना त्यांनी असं उभं केलं. आपल्याकडे गणेशोत्सवातल्या देखाव्याच्या मूर्ती बनवतात, त्याच जातीचं काम.

१९४८मध्ये ती नोकरी सोडून ते घरी आले. हातात काम नाही, खिशात पैसे नाहीत. पुन्हा खिडकी. समोरच्या रस्त्यावर रोझी नावाची एक मुलगी रोज नवनवीन सोंगं काढून आपल्या मित्रमंडळींना नाचवायची. सेंडॅकनी तिच्या चित्रांनी वह्या भरल्या. त्याच उन्हाळ्यात भाऊ जॅकच्या साथीने त्यांनी लाकडी खेळणी बनवली. कळ दाबली की परीकथेतला प्रसंग हलतो अशी. यंत्र भावाचं, कपडे बहिणीचे, रंग आणि कोरीवकाम मॉरिसचं. भावांनी ती उचलून थेट एफ. ए. ओ. श्वार्त्झ या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरच्या खेळण्यांच्या प्रसिद्ध दुकानात नेली. दुकानाला ती आवडली, पण तशी खेळणी बनवून विकणं खर्चात बसेना. मात्र मॉरिसला त्यांनी शोकेस विभागात मदतनीस म्हणून ठेवून घेतलं.

तिथे ते तीन वर्षं राहिले. दिवसा शोकेस, संध्याकाळी आर्ट स्टुडंट्स लीगमध्ये चित्रकलेचे वर्ग. आणि मधल्या वेळात दुकानाचा पुस्तक विभाग. क्रुकशँक, क्रेन, कॉल्डेकॉट या जुन्या चित्रकारांची पुस्तकं त्यांनी तिथेच उभ्या उभ्या पाहिली. पगार घेत घेत केलेला हा अभ्यासच होता. पुस्तक विभागाची खरेदी पाहणाऱ्या फ्रान्सिस क्रिस्टी यांनी हा मुलगा हेरला आणि हार्पर प्रकाशनाच्या बालसाहित्य संपादक अर्सुला नॉर्डस्ट्रॉम यांच्याशी गाठ घालून दिली. १९५१मध्ये मार्सेल एमे यांच्या पुस्तकासाठी सेंडॅकनी चित्रं काढली. १९५२मध्ये रूथ क्राउस यांच्याबरोबरचं पुस्तक गाजलं. मग मागे वळून पाहावं लागलं नाही. रोझीसुद्धा वाया गेली नाही, १९६०मध्ये तिचं पुस्तक झालं.

१९६३मध्ये आलं ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’. आपल्यापैकी परदेशात राहणाऱ्यांच्या मुलांनी ते नक्की पाहिलेलं आहे. अवघे ३३८ शब्द. मॅक्स नावाचा व्रात्य मुलगा, उपाशी झोपायची शिक्षा, खोलीतच उगवलेलं जंगल आणि मग राक्षसांचं बेट. त्या पुस्तकाची पानं कधी हातात आली तर शब्द सोडून नुसता चित्रांचा आकार पाहा. पहिल्या पानांवर चित्र लहान, भोवती पांढरी जागा भरपूर. मॅक्सचं जंगल वाढतं तसं चित्र वाढतं, कडेपर्यंत जातं, समोरच्या पानावर सांडतं. राक्षसांचा दंगा सुरू झाल्यावर सलग तीन जोडपानं चित्रच चित्र, एक अक्षर नाही. दंगा थांबला की शब्द परत येतात. चौकट किती मोठी ठेवायची, केव्हा भरायची, बघणाऱ्याला कुठे उभं करायचं, हे सगळं गणित त्यात आहे. फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर तीन वर्षं ज्याने मुलांना काचेला नाक लावून थांबलेलं पाहिलं असेल, त्याचा हात त्या पानांमागे मला दिसतो. पुस्तकाला १९६४चं कॉल्डेकॉट पदक मिळालं. पुढे सेंडॅकनी ऑपेरासाठी नेपथ्यही केलं, म्हणजे आणखी मोठी शोकेस. २०१२मध्ये ते गेले.

त्यांनी श्वार्त्झमध्ये केलेली एकही खिडकी आज पाहायला मिळत नाही. पण ती तीन वर्षं बाजूला काढली तर सेंडॅक समजत नाहीत.

आपल्याकडची काच

आपल्या लहानपणी गावात अशा शोकेस कुठे होत्या? पुस्तकाचं दुकान म्हणजे जूनमध्ये गाइडं, वह्या आणि खाकी कव्हरं घेण्यासाठी लागलेली झुंबड. पुस्तकं गल्ल्याच्या पलीकडे, नाव सांगितलं तर मालक काढून देणार. पण शोकेस नव्हती असं मात्र नाही. एस. टी. स्टँडवरचा बुक स्टॉल आठवा. दोरी बांधून चिमट्यांनी मासिकं लटकवलेली असायची. दिवाळीच्या आसपास त्या दोरीवर नुसती चित्रांची तोरणं. तिथे काच नव्हती, जागा नव्हती, सजवायला कुणी कारागीर नव्हता. म्हणून ते सगळं काम मुखपृष्ठावर येऊन पडलं.

का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तो १९०९ साली, आणि तेव्हापासून ही दोरी दर वर्षी भरत गेली. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर, दोघेही मूळचे गोव्याचे, या दोरीचे राजे होते. मडगावला १९१६मध्ये जन्मलेल्या दलालांनी तर १९४५मध्ये ‘दीपावली’ हा स्वतःचा अंकच काढला. म्हणजे द्युशाँ न्यू यॉर्कमध्ये खिडकी मांडत होते त्याच वर्षी. एस. टी. सुटायची वेळ झालेली, एका हातात पिशवी, दुसऱ्या हाताला मूल, अशा माणसाची नजर दोन सेकंदांत पकडायची, हे त्या चित्रांचं काम होतं. प्रश्न तोच, उत्तर आपल्या परिस्थितीतलं. अंक रद्दीत गेले, वाण्याच्या पुड्या झाले. आता संग्राहक तीच मुखपृष्ठं शोधत फिरतात.

इथे कॉम्प्युटरबद्दल फक्त दोन परिच्छेद. संपादक मंडळाने माफ करावं. आजची शोकेस म्हणजे फोनवर उघडलेल्या दुकानाचं पहिलं पान, आणि ते लावण्याचं काम माझ्यासारखी माणसं करतात. त्यात आणि जुन्या खिडकीत एक मोठा फरक आहे. आमचं पान प्रत्येकाला वेगळं दिसतं. तुम्ही आधी काय घेतलं ते पाहून त्यासारखंच पुढे ठेवलं जातं. काचेमागच्या माणसाला मात्र बाहेर कोण उभं आहे ते ठाऊक नसायचं. शेठजी आणि शिंप्याचा पोरगा दोघांना तेच पुस्तक, त्याच उजेडात दिसायचं. घ्यायचं नसलं तरी पाहायला कुणी हटकत नसे. आपण शोधत नव्हतो असं काहीतरी तिथे भेटायचं.

दुसरी गोष्ट सारखेपणाची. बावीस वर्षांत मी लिहिलेल्या कामातलं आज चालू असलेलं फार थोडं आहे. मी आणि माझ्या गटाने सहा वर्षं खपून उभी केलेली एक प्रणाली एका शुक्रवारी संध्याकाळी बंद झाली. वाईट काही नव्हतं, नवी तयार होती. निरोपाचा मेल आला, केक कापला. घरी आल्यावर मुलीला दाखवायला गेले तर दाखवायला काहीच नव्हतं. या माणसांबद्दल मी वाचायला लागले ते त्यानंतर. आता मला त्या शुक्रवारचं फारसं काही वाटत नाही. त्या सहा वर्षांत ज्या गोष्टी हाताला आणि नजरेला कळल्या, त्या पुढच्या कामात रोज वापरते.

फलक

हा लेख आपल्या शिक्षकांच्याही हातात पडणार आहे, म्हणून शेवटचं त्यांच्यासाठी.

आपल्या शाळेतही एक शोकेस होती. दरवाजातून आत आल्यावर उजव्या हाताला, घंटेखाली. तो मोठा काळा फलक. रोजचा सुविचार तर असायचाच, पण एक ऑगस्टला टिळक, आषाढीला विठोबा, तीन जानेवारीला सावित्रीबाई, रंगीत खडूंनी असे उतरायचे की प्रार्थनेला उशीर झालेली मुलंसुद्धा थांबायची. चित्रकलेच्या बाई आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर थांबून ते करायच्या. आमच्यातल्या दोघी-तिघी खडू हातात द्यायला असायच्या, पांढऱ्या ब्लाउजच्या बाह्या रंगवून घरी जायच्या आणि बोलणी खायच्या. बाई मधेच दरवाजापर्यंत मागे जाऊन पाहायच्या आणि परत येऊन एखादी रेघ बोटाने पुसायच्या. सकाळी सात वाजता मूल जिथून बघणार तिथून त्या बघत होत्या, हे आज कळतं. दोन-तीन दिवसांनी शिपाईकाका ओल्या फडक्याने तो फलक लख्ख करायचे. भूगोलाच्या सरांनी हात न उचलता काढलेला भारताचा नकाशा तर पस्तीस मिनिटांत पुसला जायचा, कारण पुढचा तास गणिताचा.

सर, बाई, तुम्ही तीस-पस्तीस वर्षं रोज लिहिलंत आणि रोज पुसलंत. त्यातलं काही राहिलं का, असं निवृत्तीनंतर कधी मनात आलं असेल, तर वर्गातल्या कुणालाही कागद देऊन भारताचा नकाशा काढायला सांगा. कच्छच्या आखाताशी हात आपोआप वळतो.

मित्रमैत्रिणींनो, तुमच्याकडे एक काम. त्या फलकाचा फोटो माझ्याकडे नाही, शाळेकडेही नाही. छत्तीस फोटोंच्या रोलमधला एक फोटो फलकावर कोण घालवणार? पण मेळाव्याहून घरी गेल्यावर जुने अल्बम काढा. स्नेहसंमेलनाचे, निरोप समारंभाचे. त्या फलकासमोर ओळीने उभे राहून काढलेला एखादा फोटो कुणाकडे तरी नक्की असेल. त्यात आपले चेहरे बाजूला ठेवा आणि आपल्या डोक्यांमधून मागे काय दिसतंय ते जरा नीट पाहा. सापडलं तर मला पाठवा.